एका बिल्ल्याच्या दोघी

रुखमाने ब्रश डाव्या हातात धरला आहे, हे चंद्रकांताला दिसले आणि त्याच क्षणी तिच्या बोटाखालची ब्युरेटची तोटी जरा जास्त फिरली. चंबूतला द्राव फिकट गुलाबी व्हायचा तो एकदम जांभळा झाला. नमुना वाया गेला. अशी चूक नागपूरला एम.एस्सी. करतानाही तिच्या हातून झाली नव्हती. परमँगनेटचा हा कारखाना भंडाऱ्याहून मोहाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर होता. तिथल्या प्रयोगशाळेत ती एकटीच रसायनतज्ज्ञ म्हणून आली त्याला आता सहा वर्षे होत होती, आणि एवढ्या काळात तिच्या हाताने असा दगा कधी दिला नव्हता. तिने चंबू बाजूला ठेवला. मोरीपाशी पाठमोरी उभी असलेली बाई ब्रशने काच घासत होती आणि आता ब्रश उजव्या हातात होता. बीकर डाव्या हातात धरून ब्रश उजव्या हाताने फिरवणे अगदी स्वाभाविक होते. यात चमकण्यासारखे काय होते, असे चंद्रकांताने स्वतःला विचारले. तेवढ्यात बाईने ब्रश डाव्या हातात घेतला, बीकर उजव्या हातात घेतला आणि दुप्पट वेगाने घासायला लागली. माणूस एकटा असल्यावर ज्या हाताने काम करतो, तोच त्याचा हात. रुखमा उजव्या हाताची होती. याबद्दल चंद्रकांताला शंका नव्हती, कारण पिपेट फोडली त्या दिवशी तिच्या उजव्या पंजाला झालेली जखम चंद्रकांतानेच बांधली होती.

"रुखमा," तिने हाक मारली.

"जी, बाई." उत्तर लगेच आले. फार लगेच आले.

"तू डावखुरी केव्हापासून झालीस?"

मोरीतले पाणी वाहत राहिले. बाईने तोंडावर बांधलेला पदर खाली ओढला, तेव्हा तो चेहरा चंद्रकांताने आयुष्यात पहिल्यांदा पाहिला, किंवा अनेकदा पाहूनही पहिल्यांदा पाहिला. यातले नेमके कोणते, हे ती नंतर पुष्कळ प्रयत्न करूनही ठरवू शकली नाही. बाई म्हणाली, "लहानपनापासून जी." उत्तर खरे होते. त्यामुळे पुढे लपवण्यासारखे दोघींजवळही काही उरले नाही.

रुखमा बाळंत झाली होती. मुलगी झाली होती. ही तिची थोरली जाऊ, शकुनबाई. रुखमा घरी असली की रुखमाचा पत्र्याचा बिल्ला गळ्यात घालून शकुनबाई येत असे, आणि हे काही आजकालचे नव्हते. "थे धानाच्या रोवणीले जाते तं मी येतो. मी कापनीले जातो तं थे येते. पोराले ताप आला, सासू पडली, मयत झाली, तं जिले जमन थे येते. बिल्ला पडून नाई राहाले पायजे, बाई. बिल्ला पडला का नाव कटलं." एवढे बोलून शकुनबाईने ओठ मिटले आणि ती चंद्रकांताच्या तोंडाकडे पाहू लागली. मघा ब्युरेटमधल्या थेंबाकडे चंद्रकांता स्वतः तशीच पाहत होती.

त्या दिवशी तिने पुढचे नमुने केले नाहीत. खिडकीतून कारखान्याचे आवार दिसत असे. पत्र्याच्या लांब छपराखाली बाया ओळीने बसून तुमसरकडून ट्रकने आलेल्या खनिजातला फालतू दगड वेगळा करत. काळ्या धुळीसाठी सगळ्यांची नाके-तोंडे पदराने बांधलेली, आणि पक्क्या मालाच्या पाकिटांवर पाळी लागली की बोटांना उतरणारे तपकिरी डाग सगळ्यांचे सारखे. खनिजात मँगनीज किती, हे ती दशांश चिन्हानंतरच्या दोन आकड्यांपर्यंत सांगत असे. पण आपल्यापासून दोन हातांवर काच धुणारी बाई एक आहे की दोन, हे तिला सहा वर्षे माहीत नव्हते. ही शरमेची गोष्ट होती की नुसतीच निरीक्षणाची चूक? चंद्रकांता शरमेवर विश्वास ठेवत नसे. शरमेने मोजमाप सुधारत नाही, असे तिचे मत होते. तरी छातीत काहीतरी बोचत होते आणि ते मोजता येत नव्हते, म्हणून ती अस्वस्थ होती. मग तिच्या ध्यानात आले की हे बोचणे जुने आहे. आनंदा गेली त्या वर्षीचे. आनंदा तिची थोरली बहीण, अड्याळला दिलेली. दुखणे आठवड्यात आटोपले. तेरावे झाल्यावर अड्याळची माणसे भंडाऱ्याला आली, ओसरीवर बसली, सुपारी फोडली, आणि त्यांच्यातली एक वयस्कर बाई अगदी मायेने, वाईट कोणाचेच न चिंतता म्हणाली, "एक गेली, पन दुसरी हाये ना घरात." दुसरी म्हणजे चंद्रकांता. त्यानंतर चार दिवसांनी तिला आनंदाची अंजिरी साडी नेसवून फोटोग्राफरकडे नेले होते. साडी दुसऱ्या बाईच्या खांद्यांना सरावलेली होती. पदर तिच्या खांद्यावर नीट बसेना. फोटोग्राफर म्हणाला, हलू नका, आणि ती हलली नाही. त्या फोटोत जी मुलगी आली ती आनंदाही नव्हती आणि चंद्रकांताही नव्हती. तिचे वडील, तांदळाचे व्यापारी श्यामराव, तो फोटो हातात धरून बराच वेळ बसले होते. मग त्यांनी तो उपडा ठेवला आणि विचारले, "तुले काय पायजे, पोरी?" "रसायनशास्त्र," ती म्हणाली होती. त्या उत्तराचे आजही तिला हसू येई, इतके ते त्या ओसरीवर विक्षिप्त वाटले होते. श्यामरावांनी अड्याळला नकार कळवला आणि तिची ट्रंक नागपूरच्या गाडीवर चढवली. बदली म्हणून जगायचे नाही, एवढा एकच सिद्धांत तिने आयुष्यात पुराव्याविना स्वीकारला होता. आणि इथे या बाया बदली म्हणून जगत होत्या, आळीपाळीने, हसतखेळत. आणि त्यातून एकीचेही नाव पुसले गेले नव्हते, उलट टिकले होते. म्हणजे एकच पदार्थ दोन परिस्थितींत दोन तऱ्हांनी वागत होता. हे तिला नवीन नव्हते. परमँगनेट तर आम्लात एक रंग देते आणि अल्कलीत दुसरा. पण माणसांबद्दल असे म्हणायला ती तयार नव्हती, निदान त्या दुपारी तरी.

दोन दिवसांनी व्यवस्थापक मधुकररावांनी तिला बोलावले. खोलीत पंखा होता आणि पंख्याखाली कागद दाबायला खनिजाचा एक देखणा तुकडा होता. त्या वर्षी सरकारने रजा आणि वेतनाच्या नव्या नियमांचा मसुदा काढून हरकती मागवल्या होत्या. बायांना भरपगारी रजा, बाळंतपणाचा पगार आणि कामावर असलेल्या प्रत्येक माणसामागे मालकाने निधीत भरायचा वाटा अशी त्यातली कलमे होती. ज्या कारखान्यांना हे लागू नको असेल त्यांनी कारणे द्यावीत, अधिकारी येऊन सुनावणी घेतील, असेही त्यात होते. मधुकररावांनी कारण शोधून ठेवले होते आणि त्यांना ते अतिशय आवडले होते.

"चंद्रकांताबाई, आपल्याकडे रजेची गरजच नाही. कायदा आजारावर औषध देतो. इथे आजारच नाही. सहा वर्षांत एका बाईची एक गैरहजेरी नाही. एकीला बाळंतपण नाही. पाहा तुम्ही."

चंद्रकांताने पाहिले. हजेरी सरळ रेषेसारखी होती. उन्हाळा, रोवणी, कापणी, दिवाळी, कशानेही ती वाकली नव्हती. मोहाडीच्या वाटेवरच्या प्रत्येक उंबऱ्यावर पोरे खेळत होती, आणि कंपनीच्या कागदावर एकाही बाईला मूल झाले नव्हते. कॉलेजात तिचे प्राध्यापक अशी वाचने पाहिली की वही परत फेकत. खऱ्या मोजमापात थोडी विखुरण असतेच. हात थरथरतो, तापमान बदलते, डोळा चुकतो. सगळी वाचने एकसारखी आली तर प्रयोग केलेलाच नाही.

"निष्कर्ष फार चांगला आहे," ती म्हणाली.

मधुकररावांनी ती प्रशंसा समजून मान डोलावली. "मग बायांच्या वतीने तुम्हीच दोन शब्द सांगा अधिकाऱ्यांना. शिकलेली बाई बोलली की वजन पडते. आणि एकदा ही सूट मिळाली की पत्र्याचे बिल्ले बंद. फोटोचे बिल्ले करणार आहोत. मोठ्या कंपन्यांत असतात तसे. ऑर्डर देऊन टाकली आहे."

खोलीतून बाहेर पडताना तिने ती दोन वाक्ये शेजारी ठेवली, आणि त्यांची अभिक्रिया तिच्या डोळ्यांसमोर घडली. रजा नाही. आणि बिल्ल्यावर तोंड. म्हणजे जाऊ यायची नाही, सासू यायची नाही, बहीण यायची नाही. पहिले बाळंतपण, पहिली रोवणी, पहिले दुखणे, की नाव कटले. आणि रुखमाचे नाव तर सगळ्यांत आधी. ती घरी दहा-बारा दिवसांच्या पोरीला पाजत होती. फोटो काढायच्या दिवशी तिच्या बिल्ल्यामागे कोण उभे राहणार? चंद्रकांता आवारातून चालत होती आणि दोन्ही बाजूंना दगडांवर हातोड्या पडत होत्या. तिला सत्य माहीत होते. सुनावणीत ते सांगितले तर मसुद्याच्या बाजूने याहून भक्कम पुरावा नव्हता. पण त्याच सत्याने दुसऱ्याच्या नावाने काम केल्याचा ठपका ठेवून मालक या सगळ्यांना एका दिवसात बाहेर काढू शकत होता. सत्य सांगावे, हे तिला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. ते कोणाच्या मालकीचे असते, हे मात्र विज्ञानाच्या कुठल्याही पुस्तकात नव्हते. या प्रश्नावर विचार करत ती भर पावसात घरापर्यंत चालत गेली, आणि उत्तर तिने काढले नाही. उत्तर काढणे हे आपले काम नाही एवढेच तिला कळले, आणि हे कळल्यावर छातीतले बोचणे, विचित्र गोष्ट, थांबले.

दुसऱ्या दिवशी तिने शकुनबाईला स्टुलावर बसवून सगळे सांगितले. मसुदा, मालकाचे कारण, फोटो. काहीही गाळले नाही, काहीही सुचवले नाही.

शकुनबाई ऐकून घेऊन म्हणाली, "म्हंजे, आमी कदी रजा घेतली नाई, म्हनून आमाले रजा नोको. असं म्हनते का मालक?"

"हो."

शकुनबाईला हसू आले. आधी ते नाकातून आले, मग पोटातून, आणि शेवटी तिने डाव्या हाताने डोळे पुसले. "अरे बाप्पा! आमी तं सहा वर्सापासून रजा घेऊनच राहिलो ना जी. मालकानं नाई देल्ली तं आमी एकमेकीले देल्ली."

 सरकारने नागपूर-मुंबईत तज्ज्ञ बसवून ज्याचा मसुदा केला होता, ते इथे आधीच चालू होते. फक्त त्याचा भार मालकाऐवजी दुसऱ्या बाईच्या पाठीवर होता. चंद्रकांताने तरी बजावले, "खरे सांगितलेत तर काढून टाकतील. फसवणूक म्हणतील."

"समद्यायले?"

"सगळ्यांना."

"मंग दगडं कोन निवडन? मालकीनबाई येईन का पदर खोचून?" शकुनबाई उठली, पण दाराशी थांबली. "भेव तं वाटते, बाई. नाई वाटत असं नाई. पन रुखमाचं नाव कटलं तं माहं भी कटलं. आमाले दोघीले मिळून एकच नाव हाये इथं."

सुनावणी छपराखालीच ठेवली होती. अधिकारी सडपातळ, चष्मेवाले, कंटाळलेले गृहस्थ होते. आदल्या दिवशी त्यांनी आणखी दोन कारखान्यांची कारणे ऐकली होती आणि ती त्यांच्या चेहऱ्यावर साचली होती. मधुकररावांनी उत्तम भाषण केले. आमच्या भगिनी, आमचे कुटुंब, श्रमाची परंपरा. मग ते म्हणाले, हव्या त्या बाईला विचारा. अधिकाऱ्यांनी समोरच्या ओळीतला एक बिल्ला बोटाने दाखवला. तो रुखमाचा होता. चंद्रकांता दैवावर विश्वास ठेवत नव्हती. ओळीत पहिली बसलेली बाई निवडली जाण्याची शक्यता मोठी असते, आणि शकुनबाई मुद्दाम पहिली बसली होती, एवढेच.

"नाव?"

"शकुन, नवऱ्याचं नाव इश्वर." तिने गळ्यातला बिल्ला वर धरला. "हा बिल्ला माहा नाई साहेब. रुखमाचा हाये. रुखमा माही धाकटी जाऊ. थे घरी हाये, बाळंतीन. पोरगी झाली."

 मधुकरराव उठले. ते उठतात न उठतात तोच फाटकापाशी हालचाल झाली. बाहेर बाया उभ्या होत्या. पायांना पोटऱ्यांपर्यंत धानाच्या बांधीतला चिखल, कमरेला पदर, भर रोवणी टाकून आलेल्या. पाळीवर नसलेल्या, कागदावर नसलेल्या. कोणाची सासू, कोणाची नणंद, कोणाची विधवा बहीण. त्या आत आल्या आणि न सांगता आपापल्या बिल्ल्याच्या बाईशेजारी जाऊन बसल्या. ओळ दुप्पट झाली.  चंद्रकांताने असे दृश्य एकदाच पाहिले होते, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, स्वच्छ दिसणाऱ्या द्रावणात एक कण टाकल्याबरोबर सगळे स्फटिक एकदम धरले होते तेव्हा. ते आधीपासून तिथेच होते.

"ही धडधडीत फसवणूक आहे!" मधुकरराव म्हणाले.

एक म्हातारी उठली. गोदावरीबाई. "साहेब, मी माह्या पोरीच्या बिल्ल्यावर येतो. इथं माहं वय पंचवीस लिवलं हाये म्हनते." तिने तोंड उघडून दाखवले. त्यात दोन दात होते. "तुमीच पाहा, अन् सांगा." अधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला, त्यांच्या चेहऱ्यावरचा कालचा दिवस उतरला होता. बाया हसल्या, आणि त्या हसण्यात भीतीचा उरलासुरला गाळ खाली बसला.

फाटकावर हजेरी घेणाऱ्या सुखरामला पुढे बोलावले गेले. सुखराम टोपी हातात घेऊन आला. अधिकाऱ्यांनी विचारले, तुला हे माहीत होते का? सुखरामने मधुकररावांकडे पाहिले, मग टोपीकडे, मग छपराकडे.

"समदंच ठाऊक होतं जी. पयल्या वर्सी मी साहेबाले सांगितलं होतं, का तोंडं बदलून राहिली म्हनून. साहेब म्हनले, 'सुखराम, तू बिल्ले मोज. तोंडं नोको पाहू. माल निंगाला पायजे.' तं मी तोंडं नाई पाहत, साहेब. मी बिल्ले मोजतो."

 बुडणारा माणूस काडी शोधतो तसे मधुकरराव चंद्रकांताकडे वळले. "चंद्रकांताबाई, तुम्ही सांगा. तुमच्या प्रयोगशाळेत सहा वर्षे कोण येते?"

ती उभी राहिली. बोलण्यासाठी तिने रात्रभर काही जुळवले नव्हते आणि आता जुळवण्याची गरजही नव्हती. आता सत्य ज्यांचे होते त्यांनी ते उघड्यावर मांडले होते, आणि तिच्याकडे फक्त एका साक्षीदाराचे काम उरले होते, जे ती उत्तम करत असे. "दोघी येतात," ती म्हणाली. "रुखमा उजव्या हाताने काच धुते, शकुनबाई डाव्या. काच दोघींचीही स्वच्छ असते. फरक मी उशिरा पाहिला. तो माझा दोष आहे, त्यांचा नाही. हजेरीबद्दल माझे मत असे, की ती खरी असूच शकत नव्हती. इतके निर्दोष वाचन निसर्गात सापडत नाही."

"म्हणजे," अधिकारी सावकाश म्हणाले, आणि आपण काय म्हणणार आहोत याची त्यांनाच मौज वाटत असल्यासारखे दिसले, "इथे रजेची गरज नाही असे नाही. रजा घेतली जाते, फक्त ती देण्याचा खर्च या बाया करतात. आणि तुम्ही सांगता त्याच्या दुप्पट माणसे तुमच्या माहितीने, तुमच्या फाटकातून, तुमचे काम करतात. मधुकरराव, बदली कामगारही कामगारच असतो. तुम्ही सूट मागायला आलात आणि निधीतला वाटा दुप्पट करून घेतलात. असा अर्ज माझ्याकडे पहिल्यांदाच आला."

सूट नाकारली गेली. दोन महिन्यांनी कारखान्याच्या पटावर दोघींचीही नावे आली, कायमची एक आणि बदली एक. रजा भरपगारी, बाळंतपणाची वेगळी, आणि ती घेणाऱ्या बाईच्या जागी येणारीलाही स्वतःच्याच नावाने पगार. चंद्रकांताने यावरून जगाबद्दल कोणताही सर्वसाधारण नियम काढला नाही. एका प्रयोगावरून नियम निघत नाही, हे ती बायांना सांगायलाही गेली, तेव्हा गोदावरीबाई म्हणाली, "निंगू नोको दे बाई, रजा तं निंगाली ना." हा मुद्दा चंद्रकांताने मान्य केला. तिला आढळले की असे हरण्यातही एक सुख आहे, आणि ते चांगले भरभक्कम आहे.

फोटोचे बिल्ले मात्र झालेच. ऑर्डर दिलेली होती. ती मधुकररावांना फक्त दुप्पट करावी लागली. भंडाऱ्याहून जागेश्वर फोटोग्राफर कॅमेऱ्याची तिवई घेऊन आला आणि छपराला पांढरी चादर टांगली. बायांनी तोंडावरचे पदर सोडले. त्या सकाळी चंद्रकांता खिडकीशी उभी राहून एकेक तोंड पाहत होती, आणि प्रत्येक तोंड निराळे होते, याचे तिला एखाद्या शोधासारखे अप्रूप वाटत होते. "हसू नोका, बायांनो, हा सरकारी फोटो हाये," जागेश्वर ओरडत होता, आणि त्यामुळे त्या अधिकच हसत होत्या. शकुनबाईने स्वतःचा बिल्ला आधी डाव्या हातात घेतला, मग उजव्या, मग पुन्हा डाव्या, आणि शेवटी दातांत धरून लुगडे नीट केले.

"बाई, तुमचा भी राहिला ना," तिने खिडकीकडे पाहून हाक दिली. "या, बसा!"

चंद्रकांता आली. अंगावर नेहमीचीच निळी सुती साडी होती, पदरावर परमँगनेटचा तपकिरी डाग असलेली, तिची स्वतःची. चादरीपुढे स्टुलावर बसताना तिला एक जुनी अंजिरी साडी आठवली, पण फार दुरून, नदीच्या पलीकडच्या काठावर कोणी उभे असावे तशी. "हलू नोका," जागेश्वर म्हणाला. बाजूला शकुनबाईने कोणाच्या तरी कानात काहीतरी सांगितले, आणि सगळ्या जणी हसत सुटल्या. चंद्रकांता हलली. मनसोक्त हलली. फोटो जरा पुसट आला. पण त्यात जी बाई होती ती चंद्रकांताच होती, आणि ती दात दाखवून हसत होती.

संध्याकाळी सुखराम नव्या फळ्यावर बिल्ले लावत होता. प्रत्येक नावाखाली एकेक तोंड, ओळीमागून ओळ. एकच चौकोन मोकळा होता. रुखमाचा. सुखराम बराच वेळ त्याच्यासमोर खडू घेऊन उभा राहिला. सहा वर्षांत असे काही लिहायची त्याच्यावर वेळ आली नव्हती, आणि शब्द चुकू नये म्हणून त्याने तो चंद्रकांताला दोनदा विचारून घेतला. मग त्या रिकाम्या जागेत त्याने ठसठशीत अक्षरांत लिहिले: रजेवर. चंद्रकांता मागे सरकून ते पाहत राहिली. कारखाना उभा राहिल्यापासून पहिल्यांदा, मालकाच्या खर्चाने, एक बाई तिथे नव्हती.